अप्पांचा पॉइंट

इंग्रजी भाषेत हजारो शब्द आहेत असं आम्हाला नांदेडच्या शाळेत शिकवलं होतं आणि मी ते भोळेपणानं खरं मानलं होतं. त्यातले बरेचसे पाठही केले होते. पुढे आम्ही लातूरला राहायला गेलो, आमच्या घरमालकांची ओळख झाली, आणि माझी खात्री पटली की बाकीचे सगळे शब्द इंग्रजांनी नुसत्या हौसेखातर करून ठेवले आहेत. माणसाला खरं तर एक शब्द पुरतो. आमच्या घरमालकांना पुरत होता. तो शब्द म्हणजे ‘पॉइंट’.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. इतका नवा, की कचेऱ्यांच्या पाट्या रंगवून तयार होत्या आणि त्या लावायला इमारती नव्हत्या. बाबांची बदली झाली ती अशाच एका पाटीखाली. सरकारी घरं अजून कागदावर होती, म्हणून गावाच्या कडेला, जिथे वस्ती संपून मुरमाचं माळरान सुरू व्हायचं, तिथे आम्ही वरच्या मजल्यावरच्या खोल्या भाड्यानं घेतल्या. खाली घरमालक राहायचे. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग आणि शर्टाच्या खिशात टेस्टर. यांतलं काहीही त्यांनी अंगावेगळं केलेलं मी कधी पाहिलं नाही. धंदा लाइट फिटिंगचा. घर दाखवताना बाबांनी त्यांना विचारलं, “खोल्या किती आहेत?” अप्पा म्हणाले, “आठ पॉइंट हायेत. पाच दिव्याचे, दोन पंख्याचे, एक देवघरात झिरोचा.” बाबांनी पुन्हा विचारलं, खोल्या किती. अप्पांना जरा वाईट वाटलं. “खोल्या दोन हायेत साहेब. पन खोल्यांत काय बघायचं? खोली काय कुनीबी बांधतंय. मानसानं पॉइंट बघावं.”

फिटिंगची मजुरी दर पॉइंटामागे ठरते, त्यामुळे या धंद्यातला माणूस घरं पॉइंटांवरच मोजणार हे मला नंतर समजलं. पण अप्पांचं मोजमाप घरापाशी थांबत नसे. त्यांच्या पुतणीला जवळच्याच मुरुडचं स्थळ आलं होतं. अप्पा मुलगा पाहून आले. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारातच वाट बघत होत्या. मुलगा कसा आहे, काळा की गोरा, उंची किती, स्वभाव कसा वाटला? अप्पांनी चपला काढल्या, पाणी घेतलं आणि सांगितलं, “सतरा पॉइंटचं घर हाय. त्यातले तीन स्वयंपाकघरात.”

काकू म्हणाल्या, “आन पोरगा?”

“पोरगाबी होता तितं. पन तीन पॉइंट स्वयंपाकघरात म्हन्जे बघ. पोरीला अंधारात भाकरी थापाव्या लागनार न्हाईत.”

लग्न झालं. मुलगा चांगलाच निघाला असावा, कारण पुतणी माहेरी आली की दोन दिवसांत परत जायची घाई करायची. अप्पा त्याचं सगळं श्रेय त्या तीन पॉइंटांना देत.

मठात प्रवचनाला बसले की अप्पा डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवून पॉइंट मोजत. प्रवचनकार बोलत असायचे आणि अप्पांचा अंगठा एकाच पेरावर अडून बसलेला असायचा. मध्येच तो एक पेर पुढे सरकला की आजूबाजूची माणसं सावरून बसायची, म्हणजे आपण काहीतरी चांगलं ऐकलं असणार. घरी येऊन ते निकाल सांगत. “दोन तासांत तीन पॉइंट. त्यातला एक गेल्या वर्षीचाच.” नव्या कचेरीच्या इमारतीत फिटिंग अप्पांचं होतं, म्हणून उद्घाटनाच्या दिवशी त्यांना माइकच्या बटणाशी उभं केलं होतं. पाहुणे सव्वा तास बोलले. उन्हात बसलेली माणसं डोक्यावर रुमाल टाकून पेंगायला लागली आणि माइक बंद पडला. पाहुणे थोडा वेळ नुसतेच ओठ हलवत राहिले, मग लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कार्यक्रम संपला. लोक म्हणतात की अप्पांनीच तो बंद केला. अप्पा शपथेवर सांगायचे, की पॉइंट लूज झाला होता. कुठला पॉइंट, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्यांच्या दारात एक देवणी गाय होती. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं, गावातली बरीच जनावरं छावणीत गेली होती, पण अप्पांनी ही घरीच ठेवली होती आणि कुठून कुठून तिच्यापुरता कडबा आणत होते. दूध जेमतेम तांब्याभर. काकू त्यावरून बोलायला लागल्या की अप्पा म्हणत, “तांब्याभर हाय, पन सहा पॉइंट फॅटचं हाय. डेअरीत विचार जाऊन.” त्यांना ताप आला तर तो “तीन पॉइंट चढला” असायचा. कंबर दुखायची तेव्हा कंबरेतला पॉइंट सरकायचा. चहात आलं कमी पडलं तर “चहात पॉइंट न्हाई.” भांडणात ते कधी आवाज चढवत नसत. समोरच्याचं सगळं ऐकून घेत आणि विचारत, “बरं. ह्यातला तुमचा पॉइंट कोनता?” चिडलेल्या माणसाला हा प्रश्न फार अवघड जातो, हे मी वरच्या गच्चीतून अनेकदा पाहिलं.

मी पुष्कळ काही वरच्या गच्चीतूनच पाहिलं. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि बोलत नव्हते. म्हणजे बोलता येत होतं. पण नांदेडच्या इंग्रजी शाळेतून आलेली असल्यामुळे माझं मराठी या गल्लीत पुस्तकी वाटायचं आणि माझं इंग्रजी कुणाला नको होतं. तेव्हा मान हलवणं हाच सोयीचा मार्ग होता. पहिल्या महिन्यात गल्लीतल्या बायकांनी आईला हळूच विचारलं, की पोरगी मुकी आहे का. अप्पा ओट्यावरून ओरडले, “मुकी कामून असंल? ती आतली फिटिंग हाय. वायर वरून दिसत न्हाई, पन करंट हाय.” त्या दिवसापासून ते मला ‘आतली फिटिंग’ म्हणू लागले. मला ते आवडायचं, पण तेही मी कधी बोलून दाखवलं नाही. एकदा मी ओट्यावर भूमितीचा अभ्यास करत बसले होते. अप्पांनी विचारलं, “काय करून राहिलीस माय?” मी पुस्तक पुढे केलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण पॉइंट हा शब्द ते आकारावरून ओळखायचे. त्यावर बोट ठेवून त्यांनी अर्थ विचारला. मी मोठ्या कष्टानं सांगितलं, की पॉइंटला लांबी नसते, रुंदी नसते, फक्त जागा असते. अप्पा त्या शब्दावरून पुन्हा एकदा बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “ज्यानं लिवलं त्यो फिटिंगवाला असनार.”

पण अप्पांचं खरं नाव होतं ते बोअरच्या पॉइंटासाठी. आडवा नारळ तळहातावर ठेवून ते जमिनीवरून चालत आणि जिथे पाणी असेल तिथे नारळ उभा राही. तिथे चुन्याची फुली मारायची आणि बोअरची गाडी बोलवायची. या कामाचे ते नारळ सोडून काही घेत नसत. दुष्काळात त्यांना लांबून बोलावणी यायची, शिरूर अनंतपाळपासून पार देवणीपर्यंत. त्यांचा पॉइंट कधी फुकट गेला नाही असं मी म्हणणार नाही, काही गेले. पण एक गोष्ट मला विचित्र वाटायची. नारळ चालवण्याआधी दोन-तीन दिवस अप्पा त्या जागेवर जाऊन नुसते बसायचे. पान लावायचे, खायचे आणि बघत राहायचे. काकू म्हणायच्या, “घरातला मोरीचा दिवा सहा महिने झाले बंद हाय. आन ह्यांना लोकांच्या माळावर बसून पान खायला येळ हाय.” अप्पा म्हणायचे, “पॉइंट असा पळत जाऊन सापडत न्हाई.”

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीला एक बोअर मंजूर झाला. एकच. गल्लीतल्या बायका तेव्हा दीड मैलावरच्या एका मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणत होत्या. नाल्यापलीकडे मजुरांची वस्ती होती, तिथल्या बायकाही त्याच वाटेनं जायच्या. डोक्यावर दोन आणि कमरेवर एक अशी भांडी. येताना सगळ्या एका ठरावीक जागी थांबत. साहेबांच्या बंगल्याच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या वळणावर, एक सपाट फरशी पडलेली होती. तिच्यावर भांडं टेकवायचं, दम घ्यायचा, कमरेची बाजू बदलायची आणि पुढे निघायचं. आईसुद्धा तिथेच थांबायची. मी बरोबर असले की मीही.

साहेब म्हणजे बाबांचे साहेब. गल्लीच्या टोकाला त्यांनी मोठा बंगला भाड्यानं घेतला होता. भूजल खात्याचा माणूस पाणी शोधायचं मशीन घेऊन येऊन गेला होता आणि त्यानं बंगल्याच्या अंगणापासून रस्त्यापर्यंतचा पट्टा दाखवून सांगितलं होतं, की यात कुठेही घ्या, पाणी लागलं तर सगळीकडे सारखंच लागेल. साहेबांनी ठरवलं, की बोअर कुंपणाच्या आत घ्यायचा. “बाहेर राहिला तर लोक मोडतोड करतील. आत असला म्हणजे देखरेख राहील. सकाळी तासभर फाटक उघडत जाऊ.” हे बोलणं कचेरीत झालं होतं, आणि घरी येऊन बाबांनी ते आईला सांगितलं तेव्हा आईनं रिकामा हंडा जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवला. साहेब शिकलेले होते, मशीनवर त्यांचा विश्वास होता, पण साहेबांच्या सौभाग्यवतींचा नारळावर होता. म्हणून मुहूर्तासारखं अप्पांना बोलावण्यात आलं. अंगणात कुठेतरी नारळ उभा करायचा, एवढंच काम.

अप्पा त्याआधी तीन दिवस कुठे बसले होते, ते मला गच्चीवरून दिसलं होतं. त्या सपाट फरशीशेजारी.

नारळ चालवायच्या दिवशी सकाळी सगळी गल्ली बंगल्यापाशी जमली. हळद-कुंकू, उदबत्ती आणि चुना असं ताट धरून अप्पांच्या बाजूनं चालायला कुमारिका लागते. अप्पांनी गर्दीवर नजर फिरवली आणि म्हणाले, “आतली फिटिंग, चल माय.” मी इतकी घाबरले की नाही म्हणायलाही तोंड उघडलं नाही. आम्ही फाटकातून आत गेलो. अप्पांच्या हातावर नारळ आडवा पडला होता आणि पडूनच राहिला. साहेबांनी सांगितलं, इकडे बघा, तुळशीपाशी. नारळ झोपलेला. गॅरेजपाशी बघा. झोपलेला. मागच्या अंगणात, कण्हेरीखाली, गच्चीच्या पायऱ्यांशी, सगळीकडे तो जेवून आडवा झालेल्या पाहुण्यासारखा निवांत होता. साहेबांच्या कपाळावर घाम आला. “नीट बघताय ना?” अप्पा अदबीनं म्हणाले, “मी कुठं बघतोय साहेब, नारळ बघून राहिला.” मग ते फाटकाबाहेर पडले. मी ताट घेऊन मागे. दहा पावलं, वीस पावलं, वळण आलं. फरशी आली. आणि नारळ उठून बसावा तसा शेंडी वर करून तळहातावर ताठ उभा राहिला.

बायकांमध्ये एकदम आवाज झाला. मी मात्र वर शेंडीकडे बघत नव्हते. माझी नजर सवयीनं खाली होती, आणि खाली मला अप्पांचा अंगठा दिसला. तो नारळाच्या बुडाखाली हळूच सरकला होता आणि आता तिथे दगडासारखा घट्ट बसला होता.

साहेब तरातरा बाहेर आले. “हे काही खरं नाही. तुम्ही हात हलवलात.” साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. “तू सांग बेटा. तू इंग्रजी शाळेत शिकलेली आहेस, सायन्स शिकतेस. तू अगदी जवळ होतीस. नारळ आपोआप उभा राहिला का?”

बाबा गर्दीच्या कडेला उभे होते आणि आपल्या बुटांकडे बघत होते. त्यांची बढती साहेबांच्या सहीवर होती, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आईच्या कमरेवर भरलेली घागर होती; ती तशीच विहिरीवरून येऊन उभी होती. शाळेत मला खरं बोलण्याबद्दल दोन बक्षिसं मिळाली होती. अप्पा माझ्याकडे बघत नव्हते. ते नारळाकडे बघत होते, आणि मला एकदम कळलं की मी खरं सांगितलं तर हा माणूस पुन्हा कुणाच्या माळावर नारळ घेऊन जाऊ शकणार नाही, आणि बोअर तुळशीपाशी होईल, आणि फाटक सकाळी तासभर उघडेल.

“हो सर,” मी म्हणाले. “आपोआप उभा राहिला. मी बघितलं.”

गल्लीत इतक्या लोकांसमोर मी बोललेलं ते पहिलं वाक्य. कुणीतरी बाई म्हणाली, “अगं बाई, बोलती की!” साहेबांच्या सौभाग्यवती फाटकातून म्हणाल्या, “पुरे आता. नारळाला खोटं ठरवू नका, दुष्काळ आहे.” आणि काकू, ज्या एरवी अप्पांच्या नारळाबद्दल एक शब्द चांगला बोलत नसत, पुढे झाल्या आणि त्यांनी फरशीशेजारी स्वतःच्या हातानं चुन्याची फुली मारली.

दोन दिवसांनी बोअरची गाडी आली. ते दोन दिवस मला अन्न गेलं नाही. अप्पांनी अंगठा लावला होता, पण माझी जीभ त्या अंगठ्याहून मोठी निघाली होती. पाणी लागलं नाही तर आईच्या कमरेवरची घागर माझ्यामुळे असणार होती. गाडी धडधडायला लागली आणि पांढऱ्या धुळीचा लोट उठला. शंभर फूट, नुसती धूळ. दीडशे, धूळ. गल्लीतली माणसं भुतासारखी पांढरी होऊन उभी होती. साहेब अंगणातून बघत होते. अप्पांच्या तोंडातलं पान केव्हाच संपलं होतं, तरी ते चावत होते. कधी नाही ते त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर भराभर फिरत होता; काय मोजत होते कुणास ठाऊक. दोनशेच्या पुढे गेल्यावर धुळीचा रंग बदलला. ती काळपट झाली, मग जड झाली, मग चिखल झाला, आणि मग गाडीवरचा माणूस ओरडून बाजूला उडी मारायच्या आत गढूळ पाण्याचा फवारा उठून सगळ्यांच्या अंगावर आला. मी रडले. चिखलानं माखलेल्या तोंडावर ते कुणाला दिसलं नसावं.

अप्पा भिजलेल्या शर्टानं माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि टेस्टर पुसत पुसत हळू आवाजात म्हणाले, “तू शेंडीकडं न्हाई, आंगठ्याकडं बघून राहिलतीस.”

मी मान हलवली.

“मशीनवाला सांगून गेलता की, पानी आतबी हाय आन बाहेरबी हाय. खाली पानी हाय का न्हाई ते माझ्या बापालाबी दिसत न्हाई माय. मला वरचं दिसतंय. बाया कुठून येतेत, कुठं दमतेत, कुठं भांडं टेकवतेत. बस. तितं मारायची फुली.” मग टेस्टर खिशात टाकत त्यांनी जोडलं, “हे कुनाला बोलू नको. नारळाची इज्जत जाईल.”

मी कुणाला बोलले नाही. न बोलणं मला जमतच होतं.

फरशीशेजारी हापसा बसला. पाणी भरपूर, पण असं जड की साबणाला फेस येईना. काकू हापशावरून कळशी आणून ओट्यावर आदळायच्या आणि म्हणायच्या, “पानी काढलं खरं, पन ह्यात वरन शिजत न्हाई!” अप्पा आतून म्हणायचे, “डाळीतच पॉइंट न्हाई.” मोरीचा दिवा त्यांनी शेवटी दुरुस्त केला, त्या आनंदात काकूंनी आम्हाला पुरणपोळी पाठवली. बाबांची बढती एक वर्ष लांबली. पण त्या बोअरच्या दिवशी संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्यांनी आपल्या ताटातला गुळाचा खडा उचलून माझ्या ताटात ठेवला होता.

मग बाबांची बदली परत नांदेडला झाली. निघताना अप्पांनी माझ्या हातावर एक नारळ ठेवला. तो आडवा पडला होता. मी अंगठा सरकवून तो उभा केला, तेव्हा ते इतके हसले की भस्माचे तीन पट्टे एक झाले.

आता मी नांदेडला एका शाळेत गणित शिकवते. रोज पाच तास बोलते, आणि माझं मलाच ते खरं वाटत नाही. अप्पा गेल्याचं पत्र आलं तेव्हा परीक्षा चालू होत्या, जाता आलं नाही. या उन्हाळ्यात काकूंना भेटायला गेले. स्टँडबाहेर रिक्षावाले ओरडत होते आणि त्यातला एक “पॉइंट, पॉइंट, पॉइंट!” म्हणत होता. मी विचारलं, हा पॉइंट कुठे आला? तो म्हणाला, “मठाच्या म्होरं. वळनावर.” त्याला पॉइंट का म्हणतात? त्यानं माझ्याकडे बघितलं, बाहेरगावची असणार म्हणून माफ केलं आणि म्हणाला, “काय की बाई. पॉइंट हाय म्हनून पॉइंट म्हनतेत.”

मी तिथे उतरले. माळ कुठे राहिला नाही, सगळीकडे घरं झाली आहेत. नळ आले आहेत; हापशाचा दांडा गंजून वर अडकला आहे. त्याच्याशेजारी ती फरशी मात्र आहे. माझ्यापुढे एक बाई बाजाराची जड पिशवी घेऊन चालली होती. हापशाशी आल्यावर ती थांबली, पिशवी फरशीवर टेकवली, हात बदलला आणि निघून गेली.

मग मीही माझी बॅग जरा तिथे टेकवली.